आहारतज्ज्ञांकडे जाताना वही घेऊन जा

पोट सारखं फुगतं म्हणून घरच्या घरी एकेक पदार्थ बंद करत बसू नका. गहू तर मुळीच बंद करू नका. सीलिअ‍ॅक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते) रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. महिनोन् महिने नुसत्या जोंधळ्याच्या भाकरीवर काढून मग खानापूर-निपाणीहून बेळगाव गाठलंत, तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

जाण्याआधी २ आठवडे रोजचं खाणं लिहून ठेवा. ‘दुपारी आमटी-भात’ एवढ्याने भागत नाही. आमटीत कांदा-लसूण किती, दूध किती, दुधाचा कुंदा खाल्ला तर केवढा, आणि पोट किती वाजता दुखलं, तेही हवं. आमच्या आईच्या वहीतच दिसलं: पेलाभर दूध प्यायलं की तासा-दोन तासांत पोट गच्च, पण वाटीभर दह्याने काहीच नाही. विरजणात दुधातलं लॅक्टोज (दुधातली साखर) थोडं कमी होतं ना!

कांदा-लसूण, डाळी वगैरे बंद करायला सांगितलं, तर ते साधारण २ ते ६ आठवड्यांपुरतंच असतं. पुढे एकेक पदार्थ परत कसा सुरू करायचा, हे विचारल्याशिवाय उठू नका.

शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उगाच उतरत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.