टी.वाय.चा प्रकल्प सादर करताय? या चुका टाळा

रसायनशास्त्राच्या टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांची सादरीकरणं ऐकायला मी दरवर्षी बसतो. विषय बहुतेकांचा पाणी तपासणीचा असतो, आणि चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे न जुळणारं रीडिंग गाळून टाकणं. एका मुलीने गावातल्या पाच विहिरींच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढला होता. नकाशावर ठिपके पाच, पुढच्या स्लाइडवरच्या आलेखात खांब मात्र चारच. विचारलं, "पाचवी विहीर कुठे गेली?"

"सर, तिचं रीडिंग चुकलं होतं."

कच्ची वही मागवली. चार विहिरी लिटरला तीनशे मिलिग्रॅमच्या आगेमागे, आणि पाचवीपुढे पेन्सिलीने लिहून खोडलेला, तरी वाचता येणारा आकडा : ७४०. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत हार्डनेस चालतो, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे अख्ख्या प्रकल्पात सांगण्यासारखी जी गोष्ट होती, तीच तिने खोडून टाकली होती.

"त्या विहिरीचं पाणी घरी वापरता?"

"नाही सर. आजी म्हणते, त्यात डाळच शिजत नाही."

बरोबरच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून ठेवतं, दाणा मऊच पडत नाही. आजीचं म्हणणं आणि टायट्रेशनचा, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून केलेल्या तपासणीचा, आकडा एकाच दिशेला बोट दाखवत होते, पण या मुलीने दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. फेरतपासणी करा म्हणावं, तर नमुना बेसिनमध्ये ओतून झालेला.

माझी सवय सांगतो. वहीत पेन्सिल आणि खोडरबर बंद. आकडा पटला नाही तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी तारीख आणि कारण. सादरीकरण होईपर्यंत प्रत्येक नमुन्याची अर्धी बाटली राखून ठेवायची. हार्डनेससाठी असेल तर त्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून. आणि विचित्र आकडा आला की आधी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं अमोनियाचं द्रावण, बघायचं. बाटली उघडी राहिली की अमोनिया उडतो, पीएच १० च्या खाली घसरतो, आणि टायट्रेशनच्या शेवटी लालसर रंग एकदम निळा होण्याऐवजी जांभळ्यावरच रेंगाळतो.

तिन्ही रीडिंग १२.४, १२.४, १२.४ मिली अशी जुळवून लिहू नका. खऱ्या टायट्रेशनमध्ये ०.१ मिलीचा फरक पडू शकतो, आणि तो आम्हाला चालतो.

शेवटचं पान, 'प्रकल्पातून काय शिकलो'. "खूप काही शिकायला मिळालं, निरीक्षणशक्ती वाढली." हे वाक्य झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार फायलीतून येतं आणि लगेच ओळखू येतं. घाई झालेल्या मुलांना वाटतं हे पान कुणी वाचत नाही. मी तेच आधी उघडतो. काय फसलं, ते कधी लक्षात आलं आणि त्यानंतर काय बदललं, एवढंच लिहा. चार ओळी पुरतात. त्या मुलीने तिथे पाचव्या विहिरीबद्दल लिहिलं असतं, तर मी पूर्ण गुण दिले असते.

स्लाइड वाचून दाखवू नका, आम्हाला वाचता येतं. ऋणनिर्देशात दोन मिनिटं घालवू नका. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि पेनड्राइव्हवर पीडीएफ ठेवा, नाहीतर कॉलेजच्या संगणकावर अक्षरांऐवजी नुसती चिन्हं दिसतात.