बिझर्टला एक दिवस

ट्युनिशियाची राजधानी ट्युनिस, तिथल्या बाब सादून स्टँडवरून लाल पट्ट्याची लुआज पकडा. आपलं वडापच ते, आठ सीट भरल्या की सुटतं. उत्तर किनाऱ्यावरच्या बिझर्टला उतरलात की सरळ जुन्या बंदरावर या. कसब्याच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, भिंतीखाली रंगीत होड्या, जाळी निस्तरत बसलेले म्हातारे. मी तिथे दीड तास नुसती बसले. बिझर्टमध्ये तळ ठोकून असलेलं फ्रेंच आरमार गेलं ते १९६३मध्ये.

जेवायला लब्लाबी. शिळ्या पावाच्या तुकड्यांवर वाफाळते छोले, जिरं, हरिसा (लाल मिरचीची झणझणीत चटणी), वर अंडं. मिसळीचा माज असला तरी हरिसा बेतानेच!

मग टॅक्सीने रास अँजेला, आफ्रिकेचं उत्तर टोक. परतीचंही आधीच ठरवा. मी नाही ठरवलं, पाऊण तास वारा खात उभी होते.