हॉस्टेलचं पहिलं वर्ष: आधी मजेच्या तारखा लिहून काढा

लातूरला अकरावी-बारावीची दोन वर्षं आमचा दिवस क्लासवाल्यांनी आखला होता. सकाळी टेस्ट, दुपारी लेक्चर, रात्री डाउट. मराठवाड्यातून पुण्याला इंजिनिअरिंगला येणाऱ्या बऱ्याच पोरांचं असंच असतं. मग कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेरीला, नंबर लागतो, हॉस्टेलची खोली मिळते आणि अचानक कुणी काही विचारेनासं होतं. सकाळचं लेक्चर बुडवलं तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सगळा हिशेब सत्राच्या शेवटी एकदम निघतो, ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लागते तेव्हा.

अशा वेळी जो तो सांगतो, अभ्यासाचं टाइमटेबल कर. माझं म्हणणं, आधी मजेचं करा. मजेला तारखा असतात, अभ्यासाला परीक्षेखेरीज तारीख नसते. म्हणून तोच बिचारा कायम पुढे ढकलला जातो.

पुण्यातल्या कॉलेजचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्या एकदा ऐकल्या की आपल्या कॉलेजबद्दल नसलेलं प्रेमही उफाळून येतं. त्याच सुमाराला गणपतीसाठी ढोल पथकांचे सराव. पाऊस आहे तोवर सिंहगड, भजी आणि मडक्यातलं दही. दुसऱ्या सत्रात फिरोदिया (कॉलेजाकॉलेजांतली विविध कलांची स्पर्धा), गॅदरिंग, टेक्निकल फेस्ट. हे सगळं एका कागदावर महिन्यांप्रमाणे मांडा आणि त्याच कागदावर इनसेम (सत्राच्या मधली परीक्षा), सबमिशन, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) आणि एंडसेम (सत्राच्या शेवटची परीक्षा) लिहा. कुठे काय आदळतं ते लगेच दिसतं.

माझा नियम साधा होता: एका सत्रात मोठी गोष्ट एकच. मोठी म्हणजे जी रोज तुम्हाला हाक मारते. नाटक आणि ढोल पथक दोन्ही एका वेळी घेणारे वीर असतात. त्यांचं कौतुक करावं, अनुकरण करू नये. पहिल्या सत्रात तर मी एकही घेऊ नका म्हणेन. कॅपचे राउंड लांबले की वर्ग उशिरा भरतात आणि ते सत्र आधीच आखूड होतं. पुरुषोत्तम बघायला जरूर जा, घसा बसेपर्यंत ओरडा, एका संध्याकाळीत भागतं. मी फिरोदियाच्या बॅकस्टेजला गेलो तो दुसऱ्या सत्रात. सेट रंगवायचा, लाइटच्या वायरी ओढायच्या, रात्री उशिरा सगळ्यांसाठी पोहे आणायचे. त्या टीममधल्या सिनिअर पोरांनी तालमीच्या मधल्या वेळात मला जेवढं मेकॅनिक्स शिकवलं, तेवढं दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. हा फायदा कुणी आधी सांगत नाही.

आता रोजचा दिवस. हॉस्टेलवर अभ्यासाची खरी वेळ संध्याकाळी पाच ते आठ. कुणी ग्राउंडवर असतं, कुणी एफसी रोडला, बाकीचे झोपलेले. मजला शांत असतो. नवी पोरं नेमकं उलटं करतात. पाचला आडवी होतात, मेसमधून जेवून ताजीतवानी होतात आणि दहाला पुस्तक उघडतात. दहाला तर हॉस्टेल जागं होतं. कुणाचा वाढदिवस निघतो, कुणी पत्ते काढतं, शेजारच्या खोलीत मॅच चालू असते. त्या गोंगाटाशी भांडून अभ्यास होत नाही आणि मजाही हातची जाते. तेव्हा प्रॅक्टिकल संपलं की खोलीवर जायचंच नाही, पाठीवरच्या सॅकसकट रीडिंग हॉल गाठायचा. त्याच दिवशीचं जर्नल त्याच दिवशी लिहिलं तर अर्ध्या तासाचं काम असतं. महिन्याभराने लिहायला बसलात तर दुसऱ्याचं उतरवावं लागतं आणि ओरलला पहिल्याच प्रश्नाला तोंड उघडत नाही. आठनंतर मात्र रात्र हॉस्टेलची, तिथे मनात टोचणी ठेवून बसू नका.

सगळ्या विषयांना रोज वेळ द्यायची गरज नाही. केमिस्ट्रीसारखे विषय पीएलमध्ये आवरता येतात. एमवन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स नाही आवरत. फुरिअर सिरीजमधली इंटिग्रेशन्स हाताला वळण पडल्याशिवाय वेळेत सुटत नाहीत. रोज दोन-तीन गणितं, बस.

परीक्षेचा पॅटर्नही पहिल्याच आठवड्यात सिनिअरकडून समजून घ्या, कारण मजेची जागा त्यावर ठरते. आमच्या वेळी पुणे विद्यापीठाचा २०१९ पॅटर्न होता: इनसेम ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटवर, एंडसेम ७० गुणांची, उरलेल्या चार युनिटवर. म्हणजे इनसेम झाली की पहिली दोन युनिटं मिटली. ट्रेकला, ट्रिपला, गावी जायला त्यानंतरचा शनिवार-रविवार सगळ्यात मोकळा. नेमका इनसेमच्या आधी राजगडाचा ट्रेक काढणारा ग्रुप दरवर्षी असतोच. ऑटोनॉमस, म्हणजे स्वतःची परीक्षा स्वतः घेणाऱ्या, कॉलेजांचं गणित वेगळं असतं, तिथले सिनिअर सांगतील.

केटीची, म्हणजे नापास होऊन पेपर मागे राहण्याची, भीती मी घालत नाही, ती बऱ्याच जणांना लागते आणि सुटतेही. फक्त एवढं बघा की राहिलेला पेपर पुढच्या नियमित पेपरांच्या गर्दीत द्यावा लागतो. फिरोदियाच्या तालमी चालू असताना मागच्या सत्राचं एमवन उशाशी घेऊन बसणं ही काही मजा नाही. शिवाय प्लेसमेंटला अनेक कंपन्या असे बॅकलॉग (राहिलेले पेपर) असलेल्यांना बसू देत नाहीत.

रूममेटला नाही म्हणणं अवघड जातं. ‘अभ्यास आहे’ हे कारण हॉस्टेलवर कुणीच मानत नाही, उलट चेष्टा होते. ‘आज नाही, शनिवारी येतो’ हे मात्र चालतं, आणि मग शनिवारी खरंच जायचं. चार वेळा शब्द पाळला की पाचव्या वेळी कुणी ओढत नाही.

पैशांचं थोडक्यात: बाहेर जेवायला जाणार असाल तर मेसवाल्याला आधी सांगून खाडा लावा. आणि सिनिअरच्या ‘इंट्रो’त मन मारून काही करावं लागत असेल तर ती मजा नव्हे, रॅगिंग आहे. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो.

पीएल लागली की वर सांगितलेलं सगळं उलटं होतं. तेच हॉस्टेल रात्री दोनलाही अभ्यास करत असतं. पत्ते गायब, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत पाठांतर चाललेलं, गणित अडलं तर दार वाजवायला चार खोल्या. त्या दिवसांत रात्रीच बसा, जुने पेपर घोळक्यात सोडवा. घरी शांतता मिळेल म्हणून बरेच जण पीएलला गावी जातात. तिथे आईच्या हातचं जेवण, दुपारची झोप आणि मामाकडचं लग्न निघतं. शेवटच्या पेपरच्या रात्रीचं लातूरचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि तोवर पुण्यातच राहा.