स्ट्रोपवाफल चिरायचं ते गरम असतानाच

नेदरलँड्समधल्या गौडाची, म्हणजे चीजवाल्या गौडाचीच, ही पाक भरलेली बिस्किटं. घरी करताना ती बिघडतात बहुधा एकाच ठिकाणी, पाक भरण्यासाठी वाफल, म्हणजे साच्यात भाजलेली चौकडीची चकती, आडवं चिरताना. साच्यातून काढल्यावर ते अर्धा मिनिटही मऊ राहत नाही, मग सुरी लावली की तुकडेच. म्हणून एका वेळी एकच भाजा. यीस्ट आणि भरपूर लोणी घातलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा पुरतो. साचा पातळ, बारीक चौकडीचाच हवा. जाड बेल्जियन वाफलचा चालत नाही.

काढल्याबरोबर गोल कटरने कडा कापा. कापलेल्या कडेला दोन पापुद्र्यांमधली फट दिसते. वरून जाड फडक्याने अलगद दाबून धरा आणि पातळ पात्याची सुरी तिथूनच सरकवा.

पाकात ब्राऊन शुगर, लोणी, दालचिनी आणि डच काकवी, म्हणजे 'स्ट्रोप'. ती नसेल तर आपली काकवी घ्या, पण निम्मा मध घालून. नुसती फार उग्र लागते. थेंब गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळली पाहिजे, साधारण ११२ ते ११५ अंश सेल्सिअस. पाक गरम असतानाच भरा. खाताना वाफाळत्या कपावर झाकणासारखं ठेवा, मिनिटभरात आतला पाक सैल होतो.