लँथॅनम ऑक्साइड आधी तापवा

पेरोव्हस्काइट ऑक्साइडांच्या (एका ठरावीक स्फटिकरचनेच्या धातू-ऑक्साइडांच्या) चुंबकत्वावर काम करायला इंदूरला येणारी मुलं-मुली भेटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा असतो. किती केल्विनपर्यंत थंड होतो, पाळी कधी मिळते? मी मात्र आधी खल आणि तराजूवर येते. माझं पहिलं वर्ष तिथेच अडकलं होतं.

मी इथलीच, राजवाड्यामागच्या गल्लीतली. नेट, गेटच्या तयारीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडते. प्रवेश मिळाला तेव्हा मला विषयाची एवढीच ओळख होती: मोठा अणू ए जागेवर, धातूचा लहान अणू बी जागेवर आणि त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन. बी जागेवरचे दोन शेजारी मधल्या ऑक्सिजनमार्फत एकमेकांशी बोलतात, आणि चुंबकत्व त्या बोलण्यात असतं. लँथॅनम मँगनाइटमध्ये (ए जागेवर लँथॅनम, बी जागेवर मँगनीज) सगळं मँगनीज तीन-धन असतं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं, आणि पदार्थ सुमारे 140 केल्विनखाली प्रतिलोहचुंबकी होतो, म्हणजे शेजाऱ्यांची चुंबकत्वं उलटसुलट लागून एकमेकांना खोडतात. लँथॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घातलं की काही मँगनीज चार-धन होतं. मग तीन-धन मँगनीजवरचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरून पलीकडे जाऊ शकतो, पण दोन्हीकडचे स्पिन (इलेक्ट्रॉनांची इवली चुंबकं) एका दिशेला असले तरच सहज. भौतिकशास्त्रज्ञ झेनर यांनी 1951 मध्ये मांडलेली ही कल्पना मला इतकी आवडली की मी घरी आईला पोळ्या लाटताना समजावली होती. 30 टक्के स्ट्रॉन्शियम घातलं तर क्युरी तापमान (ज्याच्या खाली पदार्थ लोहचुंबकी असतो) सुमारे 370 केल्विनवर जातं. म्हणजे इंदूरच्या मे महिन्यातल्या 42 अंशांच्या दुपारीही ती काळी गोळी चुंबकाला चिकटते. पहिल्यांदा चिकटली तेव्हा मी दहा वेळा काढून पुन्हा लावली.

पण त्याआधी शुद्ध लँथॅनम मँगनाइट करायचं होतं. ऑक्साइडं तोलली, अगेटच्या खलात तासन् तास घोटली, मुशीत घालून भट्टीत ठेवली, पुन्हा घोटली, गोळ्या दाबल्या, पुन्हा भाजल्या. थंड करत चुंबकन मोजलं तेव्हा आलेखात 42 केल्विनच्या आसपास एक स्पष्ट पायरी दिसली. मला वाटलं, नवीन काहीतरी सापडलं. तीन आठवडे मी त्या पायरीचा अर्थ लावत बसले.

प्रयोगशाळेतल्या ताईनं आलेख पाहिला आणि एकच विचारलं, "लँथॅनम ऑक्साइड तापवून घेतलं होतंस?"

"बाटली नवीन होती, ताई."

"बाटली नवीन असली तरी हवा जुनीच असते गं."

लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. 100 ग्रॅमचं पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन 116 ग्रॅमच्या वर जातं. म्हणजे तराजूवर मी लँथॅनम समजून काही भाग पाणीच तोललं होतं. लँथॅनम कमी पडलं, मँगनीज उरलं, आणि उरलेल्यातून मँगनीजचं स्पिनेल ऑक्साइड झालं. ते 42 केल्विनच्या आसपास फेरिचुंबकी होतं, म्हणजे उलट दिशांची चुंबकत्वं पूर्ण खोडली न जाता काही उरतं. एक्स-रेच्या आलेखात 36 अंशांच्या कोनाजवळ त्याचं बारीक शिखर होतंच, मी गोंगाट समजून सोडलं होतं. दोन-तीन टक्क्यांखालची भेसळ एक्स-रेला सहसा दिसतही नाही, मॅग्नेटोमीटरला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरते. म्हणून ऑक्साइड रात्रभर 900 ते 1000 अंशांवर तापवा आणि काढल्यावर लगेच तोला.

त्या 42 केल्विनच्या आसपासच आणखी एक चकवा आहे. सॅम्पलच्या कक्षेत हवा शिरली तर तिच्यातला ऑक्सिजन गोठतो, आणि घन ऑक्सिजनचा एक बदल 44 केल्विनजवळ होतो. कक्षा हेलियमनं नीट धुऊन पुन्हा मोजा: उंचवटा गेला तर हवा, राहिला तर सॅम्पल. तिसरी गोष्ट, क्षेत्राशिवाय थंड करून मोजलेलं चुंबकन ऋण आलं तर हुरळून जाऊ नका. मॅग्नेटोमीटरच्या अतिवाहक चुंबकात आधीच्या मोजणीचं थोडं क्षेत्र अडकून राहतं, काही ओर्स्टेड (चुंबकी क्षेत्राचं एकक) का होईना, आणि तेच कधी कधी उलट दिशेचं असतं. आधी ते घालवा. स्टीलचा चमचाही सॅम्पलला लावू नका, त्यातलं लोखंडही मोजणीत येतं.

बी जागेवर दोन धातू असले की परीक्षा आणखी कठीण होते. लँथॅनम निकेल मँगनीजच्या दुहेरी पेरोव्हस्काइटमध्ये निकेल आणि मँगनीज बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीनं बसले तर प्रत्येक रासायनिक सूत्रामागे 5 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) मिळायला हवेत, आणि पदार्थ सुमारे 280 केल्विनखाली लोहचुंबकी असतो. थोडे निकेल-मँगनीज जागा बदलून बसले की मँगनीजशेजारी मँगनीज येतं, ती जोडी उलट दिशेला वळते आणि आकडा खाली येतो. कमी आकडा ही दरवेळी चूक नसते. भट्टीचं तापमान आणि थंड करण्याचा वेग त्यात लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही वहीत टिपून ठेवा.

इंदूरचं भाग्य असं की हे पडताळायची साधनं गावातच आहेत. विद्यापीठाच्या खंडवा रोडच्या परिसरात यूजीसी-डीएई हे संशोधन संकुल आहे, आणि राजा रामण्णा केंद्रात 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचं इंडस-2, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणारं सिंक्रोट्रॉन यंत्र. तिथल्या क्ष-किरण शोषणावरून मँगनीज तीन-धन किती, चार-धन किती, हे समजतं. देशभरची मुलं प्रस्ताव पाठवून रेल्वेनं येतात; आपण पोहे खाऊन स्कूटरवर जातो. पण तिथे अशुद्ध सॅम्पल घेऊन जाऊ नका. मिळालेली पाळी तुमच्याइतकीच दुसऱ्या कुणाला हवी असते.

दुसऱ्यांदा केलेल्या सॅम्पलमध्ये ती पायरी उरली नाही. पहिल्याची बाटली मी जपून ठेवली आहे. नव्यानं आलेल्यांना एक्स-रेला लावायला तीच देते आणि 36 अंशांजवळचं शिखर त्यांना स्वतः सापडेपर्यंत गप्प बसते.