ऐप्टेशियाला चुना कसा लावावा

रीफ टँकमधल्या (कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) खडकावर शिंदीच्या झाडासारखं करडं-तपकिरी, अर्धवट पारदर्शक काही उगवलं आणि बोट नेताच फटकन बिळात शिरलं, तर तो ऐप्टेशिया, म्हणजे डंख मारणारा छोटा समुद्री अ‍ॅनिमोन. नव्या कोरलच्या तुकड्यावर बसून येतो, शेजाऱ्यांना डंख मारून जागा बळकावतो. एक-दोन असतानाच मारा.

चिमट्याने उपटू नका, ब्रशने घासू नका. पायाचा कण राहिला तरी त्यातून नवा उगवतो. फेव्हिक्विकने बुजवलात तर कडेने बाहेर येतो. खडक उकळायला सांगणाऱ्याला तर घरातही घेऊ नका: त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे कोरल असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष पसरतं आणि अख्खं घर दवाखान्यात जातं.

खात्रीचा उपाय म्हणजे चुना, पण पानाच्या डबीतला नाही. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि उघडा राहिलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निकामी होतो. लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा. चष्मा आणि हातमोजे घाला. डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. एक चमचा पुडीत थेंबथेंब आरओ पाणी घालून घट्ट दह्याइतकं कालवा आणि बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरा.

आता पंप, वेव्हमेकर (लाटा उठवणारा पंप), सगळं बंद. पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या, नाहीतर चुना उडून कोरलवर बसतो आणि तिथली कातडी पांढरी पडते. इथेच बहुतेकांचं बिनसतं: सुई थेट खुपसतात, ऐप्टेशिया आत ओढला जातो आणि चुना रिकाम्या जागेवर पडतो. सुई बाजूने, अगदी सावकाश न्या. पहिला थेंब तोंडावर सोडा, तो आक्रसला की भोक वरपर्यंत बुजवा. १५-२० मिनिटं हात लावू नका, मग पंप सुरू करा. एका वेळी चार-पाचच मारा. चुन्याने पीएच चढतो. आधी आणि नंतर मोजा, ८.५ च्या वर गेला तर त्या दिवशी थांबा. पुढचे दोन आठवडे त्याच भोकाभोवती पाहत राहा, पिल्लं तिथेच निघतात.

कोरलला चिकटून उगवलेल्याला चुना लावता येत नाही. तिथे पेपरमिंट कोळंबी सोडा. दुकानदार कॅमल कोळंबी गळ्यात मारतो, ती कोरलच खाते. पेपरमिंटच्या पारदर्शक अंगावर बारीक लांबट लाल रेघा असतात. कॅमलच्या पाठीला कुबड आणि अंगावर लाल-पांढरी नक्षी. मोठ्या ऐप्टेशियाकडे मात्र पेपरमिंटही फिरकत नाही.

टाकीत आणखी त्रास देणारे दोन: लाल शेवाळाचा थर सायफनने ओढा आणि माशांचं खाणं निम्मं करा. चपट्या किड्यांना औषध घालण्याआधी जितके निघतील तितके सायफनने काढा, कारण मरताना ते विष सोडतात.

पाणी बोअरचं असो की टँकरचं, डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ० झाल्याशिवाय टाकीत घालू नका. घरच्या आरओचा टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी परत मिसळतो आणि मिनरल कार्ट्रिज क्षार घालते, म्हणून टाकीची नळी दोन्हीच्या आधी काढा.

एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावला की मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाण्याचं तापमान २-३ अंशांनी उतरतं. खोलीत कूलर सुरू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम कमी पडतो. उडालेलं पाणी गोड्या आरओ पाण्यानेच भरा, कारण मीठ उडत नाही; विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ वर ठेवा.

चुन्याचं काम लाईट जायच्या वेळी काढू नका. पंप सुरू झाला नाही तर मेलेला ऐप्टेशिया तिथेच सडतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर जोडा, दिवे राहिले तरी चालतील.