बास गिटारला मल्टी-कॉइल पिकअप लावण्याआधी आणि लावताना

पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग; मल्टी-कॉइलमध्ये एकाहून जास्त कॉइल (तांब्याच्या तारेची वेटोळी) असतात. तो विकत घेण्याआधी पट्टी घ्या आणि तो ब्रिजपासून (तारा बॉडीवर टेकतात ती पट्टी) किती अंतरावर बसणार आहे ते मोजा. कॉइल कशाही जोडल्या तरी पिकअपची तारेखालची जागा हलत नाही, आणि आवाजाचा स्वभाव बऱ्याच अंशी त्या जागेवरच ठरतो. 34 इंची, म्हणजे 864 मिमी स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) बासवर पोल पीस (पिकअपमधला चुंबकी खिळा) ब्रिजपासून 144 मिमीवर आला, तर मोकळ्या तारेचा सहावा हार्मोनिक (मूळ सुराच्या सहापट वारंवारतेचा उपस्वर) जवळजवळ गायब होतो, कारण तारेचा तो बिंदू त्या हार्मोनिकसाठी स्थिर असतो. ब्रिजजवळ बसवलेला पिकअप स्विच फिरवला म्हणून हुबेहूब फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बाससारखा वाजणार नाही.

जुन्या रचना नीट समजल्या की नव्यांचं गणित सोपं होतं. फेंडरचा प्रिसिजन बास 1951 मध्ये एकाच कॉइलचा होता. 1957 मध्ये कॉइलचे दोन तुकडे झाले: एक ई-ए या जाड तारांखाली, दुसरा डी-जी या बारीक तारांखाली. दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळलेल्या, मॅग्नेटही उलटे, जोडणी सिरीजमध्ये (एकीपाठोपाठ एक). त्यामुळे हम (विजेची गुणगुण) कटतो आणि खर्ज भरीव राहतो. 1960 च्या जॅझ बासमध्ये दोन सिंगल कॉइल पॅरलल (समांतर जोडलेल्या) असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना हम दबतो, एक जरा कमी केला की परत डोकं वर काढतो. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये एकच जाडजूड हमबकर (हम कापणारा दोन कॉइलचा पिकअप), कॉइल पॅरलल आणि सोबत 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, संकेत वाढवणारा प्रीअ‍ॅम्प. तो प्रीअ‍ॅम्प वगळून नुसता पिकअप लावला तर स्टिंगरेचा अर्धाच आवाज हाती येतो.

आता मल्टी-कॉइल. दोन कॉइलच्या पिकअपमध्ये तीन जोडण्या मिळतात: सिरीज, सिंगल आणि पॅरलल. प्रत्येक कॉइल 5 किलोओहमची धरली तर मल्टिमीटरवर अनुक्रमे 10, 5 आणि 2.5 किलोओहम दिसतील. सिरीजमध्ये इंडक्टन्स वाढतो, त्यामुळे तिखट टोक खाली सरकतं आणि आवाज जाड, मोठा होतो. पॅरललमध्ये तोच आवाज मोकळा, चकचकीत, पण सुमारे 6 डेसिबलने हळू. सिंगलमध्ये जॅझ बासची झाक येते, मात्र हम सोबत येतो. मंडपात जनरेटर आणि डिमरच्या लाइट असतील तर हा हम असह्य होतो.

चार कॉइलचा पिकअप इथेच आपली किंमत वसूल करतो. त्यात ई-ए साठी दोन अर्ध्या कॉइल, एक नेककडे (बासच्या मानेकडे), एक ब्रिजकडे. डी-जी साठीही तशाच दोन. डी-जी च्या कॉइल ई-ए च्या उलट असल्या तर नेककडची किंवा ब्रिजकडची एकच रांग चालू ठेवूनही हम कटतो. नेककडची ई-ए आणि ब्रिजकडची डी-जी अशी तिरकी जोडी सिरीजमध्ये घेतली की रचना प्रिसिजनची होते. चारही घेऊन दोन रांगा पॅरलल केल्या की स्टिंगरेची. एकाच बासवर एकाच रात्री तीन ढंगांची गाणी वाजवणाऱ्याने चार कॉइलचाच घ्यावा. आयुष्यभर एकच भरीव आवाज हवा असेल, तर प्रिसिजनसारखा साधा स्प्लिट-कॉइल (दोन तुकड्यांचा) पुरेसा आहे आणि त्यात बिघडायलाही फार काही नसतं.

दोन कॉइलच्या पिकअपची जोडणी अशी करा. लागतं ते: चार वायरी आणि वेगळी शील्ड असलेला पिकअप, एक ऑन-ऑन-ऑन डीपीडीटी मिनी टॉगल (तीन पोझिशन आणि सहा लग असलेला छोटा स्विच; लग म्हणजे सोल्डर करायचं टोक), 250 किलोओहमचे दोन ऑडिओ पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे भाग), टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दोनच वायरी बाहेर येणाऱ्या पिकअपवर हा स्विच चालत नाही.

रंगांवर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात. मल्टिमीटरने जोड्या शोधा: ज्या दोन वायरींमध्ये किलोओहम दिसतात ती एक कॉइल. सिमोर डंकनच्या रंगांत काळी-पांढरी ही एक कॉइल, लाल-हिरवी दुसरी. काळी थेट व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट लगला, हिरवी आणि शील्ड ग्राउंडला. स्विचच्या डाव्या मधल्या लगला पांढरी, उजव्या मधल्या लगला लाल. वरचे दोन लग छोट्या वायरने एकमेकांना जोडा. खालचा डावा ग्राउंडला, खालचा उजवा काळ्या वायरला. एवढं पुरेसं आहे. मधले लग वरच्यांना जोडले जातात तेव्हा सिरीज, खालच्यांना तेव्हा पॅरलल, आणि दांडा मध्ये असताना एकच कॉइल. ती कोणती, हे स्विचच्या जातीवर ठरतं. दांडा वर असताना खालचे लग जोडलेले असतात, त्यामुळे उलटं वाटलं तर घाबरू नका.

स्विचच्या लगवर सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. आतलं प्लास्टिक मऊ होतं, मग दांडा अडखळतो आणि एखादी पोझिशन मुकी होते. वायरिंगचा चेंबर बंद करण्याआधी अ‍ॅम्प हळू ठेवून प्रत्येक पोल पीसवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. जिथे खणखणीत ठक ऐकू येते ती कॉइल चालू. दोन्ही चालू असूनही आवाज पोकळ आणि खर्ज गायब असेल तर फेज उलटली आहे, म्हणजे दोन कॉइल एकमेकींचा आवाज कापताहेत. एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा. स्विच जॅकवरून (केबल लावायच्या जागेवरून) मल्टिमीटरने तपासताना व्हॉल्यूम पूर्ण उघडा. 10 ऐवजी 9.6 किलोओहम दिसले तर ते पॉटमुळे, बिघाड नव्हे.

बॅटरी न लागणाऱ्या पॅसिव्ह पिकअपला अ‍ॅक्टिव्ह पिकअपचे 25 किलोओहमचे पॉट लावले तर वरचा सगळा आवाज गिळला जातो. बदल करताना ही चूक हमखास होते.

पिकअपची उंची शेवटी ठरवा. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून ई तारेपर्यंत 3 मिमी, जी तारेपर्यंत 2.5 मिमी अंतर ठेवा आणि सिरीजमध्ये वाजवून पाहा. ई तारेचा सूर वरच्या फ्रेटवर थरथरत असेल तर मॅग्नेट तार ओढतोय. ई च्या बाजूचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत पिकअप खाली न्या, थरथर थांबेपर्यंत.